चूक ‘झाली’ की कोणी ‘केली’?

मागच्या अंकात चर्चमधल्या वरिष्ठांनी केलेल्या अत्याचारांबद्दल मी दोन प्रश्नांना उत्तरं दिली, त्यानंतर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर याच विषयाला द्यायचं ठरवलं. काही पत्रं वाचून मी दोन दिवस गप्प होते. नावं कोणाचीच छापत नाहीये, गावंही नाहीत, आणि एका पत्रातले तपशील तर मुद्दाम काढलेत.

प्रश्न : ताई, ज्या फादरांनी आमचं लग्न लावलं, दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा केला, वडील गेले तेव्हा रात्रभर आमच्याजवळ बसून राहिले, त्यांच्यावर लहान मुलांवरच्या अत्याचाराचा गुन्हा कोर्टात शाबित झालाय. बायको म्हणते अल्बममधले फोटो काढून टाक. आमचं लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, हे सगळं आता खोटं धरायचं का?

नाही, खोटं धरायचं नाही. हा प्रश्न फार जुना आहे, सतराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतलं चर्च याच प्रश्नावरून दुभंगलं होतं. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, पवित्र ग्रंथ जाळण्यासाठी हवाली करा असा हुकूम निघाला, आणि काही बिशपांनी जीव वाचवायला ते देऊन टाकले. छळ थांबल्यावर लोक विचारायला लागले की असल्या माणसाने ज्याच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली तो बिशप खरा कसा आणि त्याने दिलेला बाप्तिस्मा तरी खरा कसा. डोनॅटस नावाच्या बिशपच्या मागे गेलेले लोक म्हणाले, खरा नाहीच. ३१४ साली आजच्या फ्रान्समधल्या आर्ल इथे परिषद भरली आणि तिथे उलट ठरलं की अशा माणसाने दिलेली दीक्षा तशीच कायम राहते, कारण घेणाऱ्याचा त्यात काय दोष. पुढे संत ऑगस्टीनने हेच फार छान समजावून सांगितलं, पाणी दगडी पाटातून वाहत बागेत जातं, पाटात काही उगवत नाही, पण बाग फुलते. तुमचं लग्न म्हणजे ती बाग, तुम्ही दोघांनी ती इतकी वर्षं राखली, त्या माणसाने नाही.

पण हे सांगताना लोक अर्धंच सांगतात म्हणून मला राग येतो. आर्लच्या त्याच नियमात आधी काय म्हटलंय माहितीये? ज्यांनी ग्रंथ हवाली केले हे सरकारी कागदपत्रांवरून सिद्ध होईल त्यांना धर्मगुरूपदावरून काढून टाका. म्हणजे संस्कार कायम आणि माणूस बाहेर, दोन्ही एकाच दमात. आता कोणी तुम्हाला ‘फादर कसे का असेनात, संस्कार पवित्र आहेत ना’ असं म्हणून विषय बंद करायला लागलं तर त्यांना नियमाचा तो पहिला भाग दाखवा.

ते रात्रभर बसून राहिले ते खरंच होतं, त्याने तुम्हाला धीर मिळाला तोही खरा होता, तुम्ही फसलात म्हणून स्वतःला मूर्ख समजू नका. फक्त एक करा, ही आठवण त्या मुलांच्या आईवडिलांसमोर काढू नका, ‘आमच्याशी तर फार चांगले वागायचे’ हे वाक्य त्या घरात सुरीसारखं लागतं, कारण चांगलं वागणं हाच तर अशा माणसाचा आत शिरायचा रस्ता असतो. आणि फोटोंचं बायको म्हणते तसं करा, माझ्या मते त्यांचा निर्णय बरोबर आहे.

प्रश्न : आमच्या बिशपांनी स्वतः कोणाला हात लावलेला नाही. त्यांनी फक्त त्या फादरची बदली केली, तीही तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे. आता त्यांनी ‘चुका झाल्या’ असं जाहीरपणे सांगितलंय तरी लोक राजीनामा मागतायत. सत्तर वेळा सात क्षमा करा असं प्रभूने शिकवलं ना? मग आपण इतके कठोर का झालोय?

तुमच्या पत्रात ‘फक्त बदली केली’ असं आहे, तिथेच थांबूया, कारण या विषयातलं निम्मं दुःख त्या ‘फक्त’मध्ये आहे.

बॉस्टनचं उदाहरण घ्या. तिथे जॉन गेगन नावाचा धर्मगुरू होता, तीस वर्षांत अर्धा डझन पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये फिरला, आणि १३० हून जास्त लोकांनी पुढे सांगितलं की त्याने लहानपणी आमच्यावर अत्याचार केले. आता हे कोणालाच माहीत नव्हतं का? एकाच मोठ्या कुटुंबातल्या सात मुलांना त्याने त्रास दिला होता, आणि १९८२ साली त्या घरातल्या एका बाईने तेव्हाच्या कार्डिनलला पत्र लिहून विचारलं होतं की हा माणूस अजून पॅरिशमध्ये कसा. पत्र पोचलं होतं. तरी १९८४ मध्ये नवे आर्चबिशप बर्नार्ड लॉ यांच्या काळात त्याला दुसऱ्या पॅरिशमध्ये नेमलं गेलं, त्यांच्याच एका सहायक बिशपने त्याच वर्षी लेखी काळजी कळवली तरी तो तिथेच राहिला, मधे उपचाराला पाठवला आणि परत आणला. त्या नव्या पॅरिशमधल्या आयांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. म्हणजे बदली म्हणजे काय झालं, तर ज्यांना माहीत होतं त्यांच्यापासून उचलून ज्यांना माहीत नाही त्यांच्यात नेऊन ठेवलं. बिशपांनी हात लावला नाही हे खरं असेल, पण त्या पुढच्या मुलापर्यंतचा रस्ता त्यांच्या सहीने तयार झाला, आणि सही करताना त्यांच्या टेबलावर माहिती होती.

‘तेव्हाची पद्धत’ म्हणालात, पण मुलाला असं करणं हा तेव्हाही गुन्हाच होता आणि पापही होतं, तेव्हाच्या पद्धतीतही एखाद्या फादरने चर्चचे पैसे खाल्ले असते तर त्याला नुसतं पुढच्या पॅरिशमध्ये पाठवून गप्प बसले असते का, तुम्हीच सांगा.

जानेवारी २००२ मध्ये बॉस्टन ग्लोब या पेपरने हे सगळं कागदपत्रांसकट छापलं, डिसेंबरमध्ये लॉ यांनी, ते तोवर कार्डिनल झाले होते, राजीनामा दिला. २००३ मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलचा अहवाल आला, त्यात धर्मप्रांताच्या स्वतःच्या नोंदींमधूनच किमान ७८९ मुलांच्या तक्रारी निघाल्या, पण वरिष्ठांपैकी कोणावर खटला भरता आला नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तो बसत नव्हता. आणि २००४ मध्ये लॉ यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या महत्त्वाच्या बॅसिलिकेचं प्रमुखपद मिळालं. ज्यांची मुलं होती त्यांनी ही बातमी कशी वाचली असेल याचा विचार केला की मला अजून पोटात कालवतं. म्हणून राजीनामा मागणारे लोक सगळे कठोर असतात असं नाही, त्यांनी हे आधी होताना पाहिलंय.

आता ‘चुका झाल्या’. आपण शाळेत प्रयोग शिकलो ना, कर्तरी, कर्मणी, भावे, तर चर्चच्या निवेदनांमध्ये नेहमी असंच वाक्य असतं ज्यात कर्ता सापडत नाही. चुका झाल्या, त्रुटी राहून गेल्या, दुर्दैवी घटना घडल्या. पाऊस पडला तसं. कोणी केली, कोणाला कळलं होतं, कोणी फाइल बंद केली, हे त्यात नसतं. तुमच्या बिशपांनी ‘मला अमुक साली कळलं, मी त्याला पाठवलं, नव्या पॅरिशला मी सांगितलं नाही’ असं म्हटलं असतं तर तुम्हाला मी आज वेगळं उत्तर दिलं असतं. हे अशक्य नाहीये. चिलीमध्ये एका बिशपवर आरोप होता की त्याने अत्याचार होताना पाहिले आणि लपवले, जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते आरोप म्हणजे निंदानालस्ती आहे असं म्हटलं, लोक भडकले, मग त्यांनी चौकशी करायला माणूस पाठवला, आणि एप्रिलमध्ये पत्र लिहून कबूल केलं की परिस्थिती समजून घेण्यात मी गंभीर चुका केल्या. मी केल्या. मग पीडितांना रोमला बोलावून घेतलं, त्यांची माफी मागितली, आणि मे महिन्यात चिलीच्या सगळ्याच बिशपांनी राजीनामे पुढे ठेवले. उशीर झाला होता, ते सगळं पुरेसं होतं असंही मी म्हणत नाही, पण वाक्यात कर्ता तरी आला.

चर्च ऑफ इंग्लंडमध्येही तेच. जॉन स्माइथ नावाचा एक वकील ख्रिस्ती शिबिरांमधून मुलांना हेरायचा आणि रक्त येईपर्यंत झोडपायचा, १९८२ मध्येच काही धर्मगुरूंच्या हातात त्याचा लेखी अहवाल होता, आणि हे बाहेर आलं तर देवाच्या कामाचं नुकसान होईल म्हणून तो दाबला. स्माइथ आफ्रिकेत गेला, तिथेही मुलं. २०१३ मध्ये त्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना कळवलं गेलं, त्यांना वाटलं पोलिसांना सांगून झालंय, त्यांनी पुढे पाठपुरावा केला नाही. स्माइथ २०१८ मध्ये खटला न होताच मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला तेव्हा वेल्बी आधी म्हणाले राजीनामा देणार नाही, पण पाचच दिवसांत त्यांनी तो जाहीर केला, आणि २०१३ ते २०२४ या काळाची वैयक्तिक आणि संस्थेची जबाबदारी माझी असं म्हणाले. यांनीही कोणाला हात लावला नव्हता.

राहिली क्षमा. सत्तर वेळा सात हे बायबलमध्ये मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे, बाविसावी ओळ. त्याच अध्यायात सोळा ओळी वर जा, तिथे म्हटलंय की या लहानांपैकी एकाला जो अडखळवेल त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलं तर ते त्याला बरं. दोन्ही एकाच तोंडून आलंय. क्षमा ज्याला दुखावलं त्याच्या हातात आहे, तुमच्या माझ्या हातात नाही, आपण कोण दुसऱ्याच्या मुलाच्या वतीने माफ करणारे? आणि दावीद राजाचं आठवा, त्याने उरियाची बायको घेतली, उरियाला मारवलं, नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर ‘तो माणूस तूच’ म्हणाला, दाविदाने पाप कबूल केलं, देवाने क्षमाही केली, तरी त्याच्या घरात पुढे जे भोगायचं होतं ते टळलं नाही. बिशपांना क्षमा मिळू दे, मीही तशी प्रार्थना करीन. खुर्ची त्यांनी सोडावी असं मला तरीही वाटतं.

प्रश्न : मी चर्चच्या कमिटीत आहे. संडे स्कूलच्या एका शिक्षकाबद्दल एका आईने मला काही सांगितलं, मुलगी बारा वर्षांची. पाळक म्हणतात आधी एकांतात त्या भावाशी बोला, शास्त्रातच तसं आहे, दोन-तीन साक्षीदार नसतील तर आरोप ऐकूनच घेऊ नये. मला झोप लागत नाहीये. काय करू?

आज पोलिसांना कळवा. आधी हे करा आणि मग बाकीचं उत्तर वाचा.

एकांतात बोलायचं ते मत्तय अठरामध्येच आहे, पंधरावी ओळ, आणि ते भावाभावांतल्या अपराधाबद्दल आहे, माझ्याशी तू खोटं बोललास, माझा अपमान केलास असलं. बारा वर्षांची मुलगी आणि मोठा माणूस यांना समोरासमोर बसवायला ती ओळ सांगत नाही, तसं करणं म्हणजे तिला परत त्याच्या ताब्यात देणं. साक्षीदारांचं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे खरं, पण असले गुन्हे करणारा माणूस साक्षीदार बोलावून गुन्हा करतो का? आणि त्याच जागी पुढच्याच ओळीत सांगितलंय की जे पाप करतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दे. पाळकांनी वाचताना ती ओळ गाळली.

भारतात तर हे कायद्यानेही स्पष्ट आहे. पोक्सो कायदा २०१२, कलम १९, ज्याला गुन्ह्याची माहिती आहे किंवा तो होईल अशी भीती वाटते त्या कोणीही पोलिसांना कळवायचंच आहे, पुरावा गोळा करून खात्री करून मग जायचं असं त्यात नाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने दाबलं तर एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही हेही कलम १९ मध्येच आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मागता येते. मुलीला तुम्ही परत परत विचारू नका, पाळकांनाही विचारू देऊ नका, तिला एकदाच सांगू दे, तेही अशा माणसासमोर ज्याला ऐकायचं शिक्षण आहे. आईच्या मोबाइलवर मेसेज असतील तर डिलीट करू देऊ नका. शिक्षकाला आधी कळवून सावध करू नका. आणि मुलीचं नाव कमिटीत, प्रार्थनासभेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठेही यायला नको, ‘तिच्यासाठी प्रार्थना करूया’ म्हणूनसुद्धा नको.

तुम्हाला झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे असं म्हणते म्हणून रागावू नका. खूप वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या कमिटीवर होते. एका मुलीच्या वडिलांनी तक्रार आणली, ज्याच्याबद्दल होती तो आमच्यातलाच, सगळ्यांचा आवडता. आम्ही त्याला बोलावलं, तो रडला, म्हणाला गैरसमज झालाय, आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी निळ्या पेनाने लिहिलं, ‘गैरसमज दूर झाला, विषय समाप्त.’ मुलीला आम्ही बोलावलंच नव्हतं, तिचं नाव त्या पानावर कुठेही नाहीये, मी मला ओळखते म्हणून सांगते, मला तेव्हा झोप लागली होती. पुढे कळलं की ती एकटी नव्हती, आणि ज्या दुसऱ्या मुलीबद्दल कळलं तिचं माझ्या त्या ओळीनंतरचं होतं. मी नंतर त्या वडिलांना भेटले, पोलिसांकडे जबाबही दिला, पण ते पान माझ्याच अक्षरात आहे आणि तसंच राहणार आहे. तुमचं पान अजून कोरं आहे.

प्रश्न : कबुलीजबाबात असा गुन्हा कळला तरी फादर पोलिसांना सांगू शकत नाहीत, हे मला कॅथलिक असूनही पटत नाही. गुन्हेगाराला लपायला जागा नाही का ही?

पटत नाही हे मी समजू शकते. नियम असा आहे की पापनिवेदनाची, म्हणजे कबुलीजबाबाची, गुप्तता फादरने कोणत्याही कारणाने मोडायची नाही, थेट मोडली तर तो आपोआप बहिष्कृत होतो, आणि गुन्हा केलेल्याला पोलिसांत जायला फादर सांगू शकतो, विनवू शकतो, पण पापक्षमेसाठी ती अट घालता येत नाही असं व्हॅटिकनने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने कायदा करून, असा गुन्हा कळवण्यातून फादरना मिळणारी सूट काढली. म्हणजे तिथल्या फादरसमोर कायदा की चर्च असा पेच उभा आहे.

माझं मत विचाराल तर, ज्या माणसाला माहितीये की इथे बोललेलं बाहेर जाणार तो तिथे बोलणारच नाही, त्यामुळे हा नियम मोडून किती मुलं वाचतील याबद्दल मला शंका आहे. पण एखादं लेकरू स्वतः तिथे येऊन सांगत असेल तर? तेव्हा फादरने त्याला हे सांगायलाच हवं की ही तुझी चूक नाही, आणि बाहेर आल्यावर मला किंवा तुझ्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला परत सांग. त्या दुसऱ्या वेळेला सांगितलेलं गुप्त नसतं. हे न सांगणारा फादर नियमाच्या आड लपतोय. आणखी एक, ऑफिसमध्ये बोलावून केलेली चर्चा, फोनवर मागितलेली माफी, तक्रारीचं पत्र, यातलं काहीही पापनिवेदन नाही. आजवर जे दाबलं गेलं त्यातलं बहुतेक कपाटातल्या फाइलींमध्ये होतं, कन्फेशनलमध्ये नव्हतं. त्या फाइलींवर ‘पाँटिफिकल सीक्रेट’ म्हणून जी गुप्तता होती ती पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांपुरती काढून टाकली.

प्रश्न : खोट्या आरोपाने एखाद्या प्रामाणिक सेवकाचं आयुष्य संपतं त्याचं काय? सगळे पीडितांचीच बाजू घेतात.

संपू शकतं, आणि ते पापच आहे. ज्या आर्लच्या परिषदेचं मी वर सांगितलं तिने खोटे आरोप करणाऱ्यालाही फार जबर शिक्षा ठेवली होती, मरेपर्यंत प्रभुभोजन नाही. ऑस्ट्रेलियात कार्डिनल जॉर्ज पेल २०१८ मध्ये दोषी ठरले, चारशेहून जास्त दिवस तुरुंगात होते, आणि एप्रिल २०२० मध्ये तिथल्या हाय कोर्टाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने ती शिक्षा रद्द केली. ते निर्दोष सुटले हे मान्य करायलाच हवं, मनात नसलं तरी. त्याच पेल यांच्याबद्दल सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, रॉयल कमिशनने, वेगळ्या मुद्द्यावर निष्कर्ष काढला होता की दुसऱ्या धर्मगुरूंच्या अत्याचारांची त्यांना सत्तरच्या दशकातच जाणीव होती, पेल यांनी ते नाकारलं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची मिसळ करू नये, ना त्यांच्या बाजूच्यांनी ना विरुद्ध बाजूच्यांनी.

पण निर्दोष माणसाला वाचवतं कोण? नीट केलेली, बाहेरच्यांनी केलेली चौकशी. शिकागोच्या कार्डिनल बर्नार्डिन यांनी १९९२ मध्ये अशा तक्रारी तपासायला एक मंडळ नेमलं होतं, ज्यात धर्मगुरू नसलेले जाणकार लोकही होते. पुढच्याच वर्षी एका तरुणाने खुद्द त्यांच्यावर आरोप केला. त्यांनी स्वतःचं प्रकरण त्याच मंडळाकडे पाठवलं, बाकी कोणाचं पाठवलं असतं तसंच. १९९४ मध्ये त्या तरुणाने आरोप मागे घेतला, आणि नंतर बर्नार्डिन त्याला जाऊन भेटले, तो आजारी होता, त्याच्याबरोबर प्रार्थना केली. मला या सगळ्या विषयात ज्या दोन-चार गोष्टी वाचून बरं वाटलं त्यातली ही एक. चौकशी होईपर्यंत बाजूला राहायला सांगितलं म्हणजे शिक्षा झाली असं समजणारा सेवक मला जरा धास्तीचाच वाटतो, मुलांपासून दोन महिने लांब राहणं त्याला इतकं जड का जावं?

प्रश्न : मी आता पन्नाशीत आहे. लहान असताना आमच्या चर्चच्या मुख्य माणसाने माझ्यासोबत जे केलं ते मी चाळीस वर्षांनी लिहून कळवलं. तो आता हयात नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या ऑफिसातून पत्र आलं : ‘कळत नकळत आमच्याकडून आपणास काही त्रास झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आपण क्षमाशील अंतःकरणाने हे प्रकरण येथेच संपवावे.’ घरचे म्हणतात त्यांनी माफी मागितली, सोडून दे. मला का बरं वाटत नाहीये? आणि मी तीस वर्षं चर्चला गेले नाही, हे माझं पाप आहे का?

पाप नाही. ज्या दारातून तुम्हाला दुखापत झाली त्या दारातून आत जाता येत नाही यात पाप कुठलं. तुम्ही घरी बसून देवाशी बोलत असाल, भांडत असाल, किंवा अजिबात बोलत नसाल, तरी त्याचा हिशोब मागायचा अधिकार त्या ऑफिसला नाही.

तुम्हाला बरं वाटत नाहीये कारण ते माफीचं पत्र नाहीये. मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि एकेक शब्दाखाली रेघ मारली. ‘कळत नकळत’ : त्या माणसाला पूर्ण कळत होतं. ‘काही त्रास’ : जे झालं त्याला नाव आहे, तुम्ही तुमच्या पत्रात ते नाव लिहिलंत, त्यांना ते लिहायचा धीर झाला नाही. ‘झाला असल्यास’ : म्हणजे अजून त्यांचा विश्वास बसलेला नाही, किंवा बसलाय आणि वकिलाने असं लिहायला सांगितलंय. ‘आमच्याकडून’ : आम्ही म्हणजे कोण, सही कोणाची आहे? ‘येथेच संपवावे’ : ही तर ऑर्डर आहे. ज्याने माफी मागायची तो अटी घालत नाही. आणि ‘क्षमाशील अंतःकरण’ हे शब्द तुमच्यावर टाकलेलं ओझं आहे, उद्या तुम्ही नाही म्हणालात तर तुमचंच मन कठोर ठरवायची सोय.

तो माणूस गेला म्हणून सगळं संपलं असंही नाही. त्याला ठेवणारे, ऐकून गप्प बसणारे कदाचित हयात असतील, त्याच्या वेळच्या नोंदी असतील, आणि तुमच्यासारखी अजून कोणी असेल जिला वाटतंय की आपण एकट्याच. तुम्हाला इच्छा असेल तरच, आणि इच्छा नसेल तर अजिबात नको, तुम्ही त्यांना एवढं विचारू शकता : आमच्या वेळी त्याच्याबद्दल आधी कोणाची तक्रार आली होती का, ती कोणी वाचली, काय केलं, त्याचा फोटो अजून हॉलमध्ये लावलेला आहे का, माझ्या उपचारांचा खर्च तुम्ही देणार का, आणि तुमचं उत्तर ज्या माणसाने लिहिलंय त्याच्या नावाने आणि सहीने द्या. फ्रान्समध्ये बिशपांनी नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये अंदाज दिला की १९५० पासून सुमारे २,१६,००० मुलांवर धर्मगुरूंनी आणि धर्मसंघातल्या लोकांनी अत्याचार केले, तेव्हा तिथल्या चर्चला जबाबदारी मान्य करून भरपाईची सोय करावी लागली. म्हणजे विचारणं वेडेपणाचं नाही.

उत्तर द्यायला त्यांनी मुदत घातली असेल तर ती त्यांची आहे, तुमची नाही. एक वर्षाने द्या, देऊ नका, माझ्या पत्त्यावर पाठवून मला वाचायला द्या. घरचे सोडून दे म्हणतात ते प्रेमानेच म्हणत असतील, त्यांना हे उत्तर वाचायला दिलंत तरी चालेल. ते पत्र तेवढं फाडू नका. पाकिटासकट ठेवा, पाकिटावरच्या शिक्क्यात तारीख असते.